तलाठ्याच्या वहीत आपली नाव आहे का?



पावसाळा आला की वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णाकाठच्या आपल्या गावांत एकच विषय असतो: यंदा पाणी कुठपर्यंत येणार? २००५, २०१९, २०२१ हे पूर आपण बघितलेत. यमगर्णीजवळ पाणी हायवेवर येऊन पुणे-बेंगळुरू रस्ता बंद पडलेला कोण विसरेल? एनडीआरएफची टीम येते, पण जरा उशिरानं. त्याआधी गावात असतात तलाठी, पीडीओ, ग्रामसहायक, हेस्कॉमचा लाइनमन, आशाताई, बीटचा पोलीस आणि आपण नाववाले. ही सरकारी माणसं कागदावर चालतात आणि आपण तोंडी चालतो. नंतर नुकसान होतं ते आपलंच, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी बातमी कशी येते ते बघू. दूधगंगेवरचं काळम्मावाडी आणि वेदगंगेवरचं पाटगाव, दोन्ही धरणं कोल्हापूर जिल्ह्यात. कोयना साताऱ्यात. पाणी सोडणार ते राज्य, झेलणार आपण. राजापूर बंधाऱ्यावरून येणारं कृष्णेचं पाणी आणि त्यात दूधगंगेचं पाणी, दोन्हींची बेरीज केली की कल्लोळजवळ कृष्णेत किती क्युसेक येणार ते कळतं. दोन्ही राज्यांची पाटबंधारे खाती हे आकडे एकमेकांना कळवतात. तिथून जिल्हाधिकारी कचेरी, मग तहसीलदार, मग तलाठी. (कागदावर त्याला आता ग्राम आडळित अधिकारी म्हणतात, आपल्या तोंडी तलाठीच.) निपाणी वेगळा तालुका झाल्यापासून चिकोडीपर्यंतचा हेलपाटा तरी वाचला. तेव्हा ग्रुपवर कुठला तरी जुना व्हिडिओ फिरतोय म्हणून घाबरू नका आणि पाऊस थांबला म्हणून बिनधास्तही राहू नका. आपल्याकडे ऊन पडलेलं असतं आणि घाटात कोसळत असतो. तलाठ्याला आजचा आकडा विचारा. विचारल्यावर सांगणं त्याचं कामच आहे.

कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे बंधारे आणि पूल पाण्याखाली गेले की दोन्ही बाजूंना बॅरिकेड लागतात. मग कुणीतरी ओळखीचा येतो, "दादा, तेवढं पलीकडं सोड की." सोडू नका. बॅरिकेड लावल्यावर नेलेला माणूस बुडाला तर जबाबदारी तुमच्यावर येईल आणि तेव्हा ओळख उपयोगाला येत नाही.

बचावकामाचं मात्र वेगळं आहे. तिथं आपली गरज असते आणि जायलाच पाहिजे. पण कसं जायचं? पावसाळ्याआधी तालुका प्रशासन नावांची आणि पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी करतं. त्या यादीत मालकाचं नाव, मोबाईल, नावेचा प्रकार, इंजिन आहे का, किती माणसं बसतात हे लिहून घ्यायला लावा. माणसांचा आकडा खरा सांगा. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून माणसं काढणारी बोट उलटली आणि डझनाहून जास्त जीव गेले. बोटीत झेपतील त्याहून जास्त माणसं होती. घाबरलेली माणसं काठावर असली की "अजून दोघं बसू दे" म्हणणारा कुणीतरी असतोच. तिथं नाही म्हणायचं बळ नावाड्याकडं हवं, आणि तलाठी किंवा पोलीस शेजारी उभा असला तर ते सोपं जातं.

यादीचा दुसरा उपयोग पैशाचा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६५ खाली जिल्हा प्राधिकरण बचावासाठी कुणाचंही साधन मागून घेऊ शकतं आणि कलम ६६ खाली त्याची भरपाई द्यावी लागते. राज्य आपत्ती निधीच्या निकषांतही बचावासाठी भाड्यानं घेतलेल्या नावांचा खर्च बसतो. पण कुणाच्या सांगण्यावरून गेला, किती दिवस, किती फेऱ्या, याची नोंद नसेल तर बिल कशाचं काढणार? साधा व्हॉट्सॲप मेसेज का असेना, तलाठ्याकडून नाहीतर पीडीओकडून घेऊन ठेवा. फेऱ्या वहीत मांडा. त्याच निकषांत मृताच्या वारसांना ४ लाख रुपये आहेत आणि बचावकामात असलेल्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. वाईट बोलू नये, पण घरच्यांना हे माहीत असू द्या.

आता पंचनामा. २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांप्रमाणे पूर्ण गेलेल्या नावेला १५,००० रुपये, दुरुस्तीला ६,०००. जाळं पूर्ण गेलं तर ४,०००, फाटलं तर ३,०००. एवढ्यात नवी नाव येत नाही, हे आम्हालाही कळतं. पण जे आहे ते तरी सोडू नका. घराचा पंचनामा करायला तलाठी येतो तेव्हा नावेचं कुणी बोलतच नाही, कारण नाव वाहून गेलेली असते आणि दाखवायला काही उरलेलं नसतं. म्हणून आत्ताच, नाव कोरडी असताना, मालक शेजारी उभा राहून फोटो काढा. जाळी पसरून फोटो काढा. खरेदीची पावती, परवाना आणि सभासद कार्डाच्या झेरॉक्स घरातल्या उंच फळीवर प्लॅस्टिकमध्ये ठेवा.

कागद कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या, मगच सही करा. "नाव" आणि "जाळी" हे शब्द त्यात आहेत का तेवढं तरी बघा.

एक सीमाभागातलं. पलीकडं शिरोळ किंवा कागल तालुक्यात पाहुण्यांच्या काठाला नाव बांधली असेल तर तिचा पंचनामा इकडचा तलाठी करू शकत नाही, ती त्याची हद्द नाही. तिकडच्या तलाठ्यालाच गाठावं लागेल. त्यापेक्षा पाणी चढायच्या आधी नाव अलीकडं आणलेली बरी.

जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, तातडीला ११२, तार तुटली तर हेस्कॉम १९१२. नावेचे फोटो आणि माहिती संस्थेच्या कचेरीत आणून दिली तर गावाप्रमाणे एकच यादी करून आम्ही तहसीलदार कचेरीत देऊ आणि पोच घेऊ.