गच्चीवरचे शेवाळ आणि तुमचा श्वास

पावसाळ्यात गच्चीवर ज्यावरून पाय घसरतो, तो हिरवट-काळा थर कधी निरखून पाहिलाय? त्यात पुष्कळदा निळे-हिरवे शेवाळ, म्हणजेच सायनोबॅक्टेरिया असतात. नावात शेवाळ असले तरी हे जिवाणू आहेत. आणि तुम्ही आत्ता घेतलेल्या श्वासावर त्यांचे मोठे ऋण आहे.

सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला, तो यांच्यामुळे. पुढे यांच्यापैकीच एक जण दुसऱ्या पेशीत मुक्कामाला गेला आणि तिथलाच झाला. वनस्पतींचे हरितलवक त्यातून आले. तुमच्या अंगणातल्या तुळशीच्या पानातही तोच वारसा आहे.

हे काम प्रथिनांचे दोन संच करतात. ‘प्रकाशप्रणाली 2’ उन्हाच्या बळावर पाणी फोडते आणि प्राणवायू बाहेर पडतो. पाण्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन ‘प्रकाशप्रणाली 1’कडे जातात आणि तिथे त्यांना पुन्हा ऊर्जा मिळते. कडक उन्हात पहिल्या संचातले ‘डी1’ प्रथिन सारखे खराब होते. पेशी ते काढून नवे बसवत राहते. काही जाती तर उजेड बघून रंग बदलतात: हिरव्या उजेडात तांबडे रंगद्रव्य वाढवतात, तांबड्या उजेडात निळे.

आता वाराणसीला चला. तिथल्या बनारस हिंदू विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. आर. एन. सिंह यांनी उत्तर प्रदेशातल्या ‘उसर’ जमिनींवर काम केले. उसर म्हणजे आपल्याकडच्या चोपणसारखी नापीक जमीन. बांध घालून पावसाचे पाणी अडवले की त्यात निळे-हिरवे शेवाळ वाढते आणि जमीन सुधारते, हे त्यांनी 1950 साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले.

त्यामागचे एक कारण म्हणजे यातल्या अनेक जाती हवेतला नायट्रोजन पकडून खतासारखा वापरता येईल असा करतात. पण त्यात एक अडचण आहे. नायट्रोजन पकडणारे विकर प्राणवायूने निकामी होते, आणि हे जीव तर स्वतःच प्राणवायू बनवतात!

यावर त्यांनी तोड काढली. माळेतल्या मण्यांसारख्या ओळीत ठरावीक अंतरावर एक जाड भिंतीची पेशी तयार होते. ती प्रकाशप्रणाली 2 बंद ठेवते, म्हणजे प्राणवायू बनतच नाही. प्रकाशप्रणाली 1 मात्र चालू राहून ऊर्जा पुरवते. शेजारच्या पेशी तिला साखर देतात, ती त्यांना नायट्रोजन देते.

भाताच्या खाचरात हीच देवाणघेवाण शेतकऱ्याच्या कामी येते. तेव्हा गच्ची घासा जरूर, पाय जपायलाच हवा. पण मुले शेजारी असतील तर ब्रश बाजूला ठेवून ही गोष्ट त्यांना आधी सांगा.