नवशिक्या प्रोग्रामरचे शिक्षण आणि स्थानिक तंत्रज्ञान-मेळावे

प्रस्तावना

संगणकशास्त्राचे शिक्षण वर्ग, प्रयोगशाळा आणि परीक्षा या तीन ठिकाणी होते, असे आपण प्राध्यापक गृहीत धरतो. तथापि प्रोग्रामिंगच्या इतिहासात आणखी एक ठिकाण आढळते. ते म्हणजे एकाच परिसरातील जाणकार व नवशिके यांचा ठरावीक काळाने भरणारा अनौपचारिक मेळावा होय. 'मीटअप' या नावाने तो आज परिचित आहे. अशा मेळाव्यास प्रथमच गेलेला विद्यार्थी पुष्कळदा 'काहीच कळले नाही' असे म्हणत परततो व पुन्हा तिकडे फिरकत नाही. या न कळण्याचा अर्थ शिक्षकाने कसा लावावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

होमब्रू कॉम्प्युटर क्लब

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली. निमित्त होते 'अल्टेअर ८८००' या नव्या संगणकसंचाचे. उपस्थितांमध्ये स्टीव्ह वॉझनियाक हे तरुण अभियंता होते. मायक्रोप्रोसेसरविषयी चाललेली चर्चा त्यांना अपरिचित होती आणि आपण भलत्याच ठिकाणी आलो असे वाटले, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. मात्र तेथे मिळालेले एका मायक्रोप्रोसेसरचे माहितीपत्रक त्यांनी घरी नेऊन वाचले आणि त्यातून स्वतःचा संगणक रचण्याची कल्पना त्यांना सुचली. वॉझनियाक इलेक्ट्रॉनिक्समध्ये नवशिके नव्हते, हे खरे. परंतु त्या विशिष्ट विषयात त्या संध्याकाळी ते नवखेच होते.

या क्लबची कार्यपद्धतीही लक्षणीय आहे. पुढील काळात ली फेल्सेनस्टाइन हे सभांचे संचालन करीत. पहिल्या भागात, कोणाकडे काय आहे व कोणाला काय हवे आहे, हे सर्वांसमोर सांगितले जाई. दुसऱ्या भागात ज्याला ज्याची गरज, त्याने त्याला गाठावे, अशी मोकळीक असे. वॉझनियाक संकोची असल्याने सभेत बोलत नसत. सभेनंतर आपला संगणक टेबलावर मांडून ठेवीत, आणि लोक भोवती जमत. म्हणजे खरे आदानप्रदान भाषणाच्या कडेला घडत होते.

परिघावरून शिकणे

जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांनी १९९१ मधील 'सिच्युएटेड लर्निंग' या ग्रंथात या प्रक्रियेची उपपत्ती मांडली. नवागत प्रथम समूहाच्या परिघावर राहून लहानसहान कामे करतो आणि क्रमाने केंद्राकडे सरकतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. लायबेरियातील शिंप्यांचे शिकाऊ उमेदवार बटणे लावणे, इस्त्री करणे यांपासून आरंभ करतात; कापड बेतणे शेवटी येते. तथापि हे सर्व काम चालू असताना कसबी शिंपी त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. याउलट, अमेरिकेतील एका दुकानात मांस कापण्याचे शिक्षण घेणाऱ्या उमेदवारांना वेष्टणाच्या यंत्रापाशी उभे केले जाई. कसबी कामगार कसे कापतात हे त्यांना तेथून दिसतच नसे. ते शिकले नाहीत, यात नवल नाही.

आपल्या प्रयोगशाळांची स्थिती या दुसऱ्या उदाहरणाच्या जवळची आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. प्रात्यक्षिकाच्या वहीत बिनचूक चालणाऱ्या आज्ञावलीच उतरवल्या जातात. जाणत्या माणसाची आज्ञावली बंद पडते तेव्हा तो काय करतो, हे विद्यार्थ्याला दिसत नाही. मेळाव्यात नेमके तेच दिसते. सर्वांसमोर प्रात्यक्षिक फसते, वक्ता त्रुटीचा संदेश शांतपणे वाचतो, एक शक्यता बाद करतो, श्रोत्यांपैकी कोणी दुसरी सुचवतो. व्याख्यानाचा विषय न कळताही ही रीत शिकता येते.

आपल्याकडील परिस्थिती

महाराष्ट्रात अशा मेळाव्यांची परंपरा मुख्यतः पुणे-मुंबईत रुजली. पुण्यात लिनक्स वापरकर्त्यांचा गट व सिम्बायोसिसमधील 'ग्नूनिफाय' यांनी विद्यार्थ्यांना मुक्तस्रोताची ओळख करून दिली. २००९ मध्ये बंगळुरू येथे सुरू झालेली 'पायकॉन इंडिया' परिषद २०११ मध्ये पुण्यात भरली. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यापुढे मात्र इंग्रजीचा संकोच असतो आणि परतीच्या एस.टी.चा प्रश्न असतो. विद्यार्थिनींच्या बाबतीत सायंकाळची वेळ हीच अडचण ठरते. बर्लिन येथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'जँगो गर्ल्स' उपक्रमात साधारणतः तीन नवशिक्या स्त्रियांमागे एक मार्गदर्शक असतो. संकोच घालवण्यास अशी रचना उपयुक्त आहे.

मेळाव्याच्या नावाखाली निव्वळ विक्रीची जाहिरातही होते; विद्यार्थ्यांना पाठवण्यापूर्वी शिक्षकाने हे पारखून घ्यावे. उपस्थितीचे प्रमाणपत्र मागू नये, कारण मग विद्यार्थी प्रमाणपत्रासाठीच जातात. त्याऐवजी दोघा-तिघांनी मिळून जावे, विषयातील चार संज्ञा आधी वाचाव्यात, आणि स्वतःची अडलेली आज्ञावली सोबत न्यावी. चहाच्या वेळी ती कोणाला तरी दाखवावी. मराठीत विचारण्यासही हरकत नाही.

जेथे असा मेळावा नाही, तेथे महाविद्यालयाने आपला एक वर्ग व प्रोजेक्टर महिन्यातील एका ठरलेल्या रविवारी खुला करावा. वेळ सकाळची असावी, म्हणजे बाहेरगावचे विद्यार्थी व विद्यार्थिनी दिवसाउजेडी घरी पोचतील.