नकार म्हणजे निकाल नव्हे

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी काचीगुड्याला आमच्या एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. घरात शुभकार्याच्या आदल्या दिवशी असते तशी गडबड दिसली. कार्य कसले म्हणून विचारले, तर मुलीची मंगळवारी मुलाखत. मुलगी शामीरपेठच्या नालसार विधी विद्यापीठात शिकते. मुंबईच्या एका बड्या कायदा-पेढीची माणसे उमेदवार निवडण्यासाठी येणार होती. आई देवापुढे निरांजन लावीत होती, वडील तिसऱ्यांदा वर्तमानपत्राचे तेच पान वाचीत होते, आणि मुलीपुढचा उपमा निवून गेला होता. आम्ही जवळ जाऊन बसलो, तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, "काका, मला सगळं येतं हो. पण त्यांच्यासमोर बसले की काहीच आठवणार नाही, असं वाटतं."

या एका वाक्यात आजच्या शेकडो मुलामुलींचे दुखणे आले आहे. पूर्वी वकिलीत शिरण्याची वाट निराळी होती. कोणाच्या ओळखीने एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे जावे, त्यांची कागदपत्रे सांभाळावी, आणि वर्ष-दोन वर्षांनी कोर्टापुढे उभे राहावे. मुंबईत सॉलिसिटरांच्या पेढ्यांतून तरुण मंडळी आर्टिकल्ड क्लार्क म्हणून उमेदवारी करीत. तेथेही परीक्षा कठीणच असे. पण माणसाची पारख व्हायला अवधी मिळे. आता वाट बदलली. १९९८ साली आपल्या शहरात नालसार निघाले. देशभर अशी राष्ट्रीय विधी विद्यापीठे पंचविसांहून अधिक झाली. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मुले सुट्टीच्या चार-चार आठवड्यांत पेढ्यांमधून काम शिकतात, आणि पदवी हाती पडण्यापूर्वीच मोठ्या पेढ्या निवड उरकून घेतात. एका पानाचा परिचय-अर्ज, अर्ध्या तासाच्या आतबाहेरची मुलाखत, आणि कोणाचे जमले व कोणाचे राहिले हे संध्याकाळपर्यंत साऱ्या वसतिगृहाला ठाऊक! धाक प्रश्नांचा थोडा आणि या संध्याकाळचा फार असतो.

परंतु वकिलाचे पाय लटपटणे ही आजची गोष्ट नव्हे. मोहनदास गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ममीबाई नावाच्या पक्षकार बाईचा त्यांचा पहिला खटला. फी तीस रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभे राहिले, तो डोके गरगरू लागले आणि एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, फी परत केली, आणि दुसरा वकील करा असे सांगून कोर्टाबाहेर पडले. त्याच सुमारास त्यांनी एका शाळेत शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. पगार पंच्याहत्तर रुपये. पदवीधर नाही म्हणून तेथेही नकार मिळाला. हे सारे त्यांनी आत्मचरित्रात संकोच न करता लिहून ठेवले आहे. १८९३ साली एका व्यापारी पेढीच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेला गेले, आणि पुढचे वाचकांना सांगायला नको. मुंबईच्या कोर्टातली ती सकाळ म्हणजे त्यांच्यावरचा निकाल नव्हता, एवढे मात्र खरे.

आपल्या भागातल्या मुलांना आणखी एक धास्ती असते, ती भाषेची. नांदेड-परभणीकडून मराठी माध्यमात शिकून आलेला मुलगा इंग्रजी मुलाखतीत आधी वाक्य मनात जुळवतो, मग घाबरतो. त्याने मुसीकाठच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीकडे एकदा पाहून यावे. निजामाच्या राज्यात १८८४ पासून फारसीच्या जागी उर्दू ही सरकारदरबारची भाषा झाली. मराठवाड्यातून आलेल्या केशवराव कोरटकरांसारख्या मराठी वकिलांनी याच राज्यात उर्दूतून वकिली करून नाव मिळवले. परकी भाषा कामापुरती आपलीशी करता येते, याचा दाखला आपल्या घरातच आहे.

आता शास्त्र काय म्हणते तेही पाहू. छातीत धडधडणे, तळहात ओले होणे हे शरीर कामाला सज्ज होत असल्याचे लक्षण आहे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघा अमेरिकन संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले, की कठीण काम शिकताना उत्तेजना अगदी कमी असली तरी शिकणे रेंगाळते आणि फार झाली तरी बिघडते, मध्यम असावी. म्हणजे धडधड मुळीच नको, हा हट्टच चुकीचा. २०१४ साली हार्वर्डमधील ॲलिसन वुड ब्रूक्स यांना असे आढळले, की "मी शांत आहे" असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतो आहे" असे म्हणणाऱ्यांची भाषणे सरस झाली. आणि २०११ मधील एका प्रयोगात परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. खर्च काय, तर एक कागद!

पण मुख्य उपाय जुनाच आहे: तालीम. मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने. आपल्या अर्जातली प्रत्येक ओळ कोणी तरी उलटतपासणीत घ्यावी. आणि एखाद्या प्रश्नाला मन कोरे झाले, तर? आम्ही त्या मुलीला तिच्याच पुस्तकातला प्रश्न विचारला: क्षतिपूर्तीचा करार आणि हमीचा करार, फरक काय? ती गडबडली. म्हटले, कलम आठवू नकोस, माणसे मोज. तिने बोटे मोजली. क्षतिपूर्तीत माणसे दोन, नुकसान भरून देणारा आणि घेणारा. हमीत तीन: सावकार, ऋणको आणि जामीन राहणारा. मग १८७२ च्या करार कायद्याची कलमे १२४ आणि १२६ आपोआप तिच्या तोंडी आली. समोरच्यांना पाठांतर हवे असते त्याहून विचार करण्याची रीत हवी असते. "नेमके आठवत नाही, पण मी असा विचार करीन," हे वाक्य कमीपणाचे नाही. उद्या अशिलापुढे हेच म्हणावे लागणार आहे.

आईवडिलांनाही एक विनंती. निरांजन अवश्य लावावे, पण संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न "झालं का?" असा न करता "जेवलीस का?" असा करावा. मुलांच्या भीतीचा निम्मा भार आपणच त्यांच्या खांद्यावर ठेवलेला असतो.

बुधवारी तिचा फोन आला. त्या पेढीने तिला घेतले नव्हते. आम्ही समजूत घालण्याच्या तयारीत होतो, पण तीच म्हणाली, "काका, पहिली दोन मिनिटं आवाज कापला. नंतर बोलले मी. एका प्रश्नाला माणसंसुद्धा मोजली!" पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पेढीची मुलाखत आहे म्हणाली. कोर्टाच्या भाषेत याला पुढची तारीख मिळणे म्हणतात. वकील होऊ पाहणाऱ्याने तारखेला घाबरून कसे चालेल?