व्रण भरला म्हणजे रोग बरा झाला का?

महाड व पोलादपूर तालुक्यांतील अनेक घरांतील तरुण नोकरीसाठी मुंबईला किंवा पुण्याला असतात आणि शिमग्याला, गणपतीला गावी येतात. असा एक काल्पनिक तरुण घेऊ. त्याच्या जननेंद्रियावर न दुखणारा लहानसा व्रण उठला. लाजेपोटी तो डॉक्टरांकडे गेला नाही. कोणीतरी दिलेली पुडी घेतली. महिन्याभरात व्रण भरला. पुडीने गुण आला, असे त्याला वाटले. हा निष्कर्ष बरोबर आहे का?

नाही. न दुखणारा असा व्रण उपदंशाचा, म्हणजे सिफिलिसचा असू शकतो. मळसूत्रासारखा पीळ असलेला त्याचा जंतू शॉडिन व हॉफमन यांनी १९०५ साली शोधला. उपदंशाचा व्रण तीन ते सहा आठवड्यांत औषधाशिवायच भरतो. जंतू मात्र तोवर रक्तातून शरीरभर पसरलेले असतात. पुढे अंगावर पुरळ येते, तेही आपोआप जाते. मग वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही. पण उपचार न झालेल्या काही रुग्णांत हृदय, मेंदू व मज्जासंस्था यांना इजा होते. म्हणजे व्रण भरला तो रोगाच्या स्वभावामुळे, श्रेय मिळाले पुडीला! गावी आल्यावर पत्नीला लागण होऊ शकते आणि ती गरोदर असल्यास बाळालाही.

न दिसणारे आजार

परमा व क्लॅमिडिया या रोगांत पुष्कळ स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही. तरीही गर्भनलिकांना सूज येऊन वंध्यत्व येऊ शकते. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी तपासणी झालेल्या मात्र केवळ ८ टक्के होत्या. हे सर्व आजार लैंगिक संबंधातून आलेले नव्हते, हे ध्यानात ठेवावे. पण तक्रार नाही म्हणजे आजार नाही, हा समज त्या आकड्यांनी खोटा ठरवला.

वर्गात करून पाहा

आठ विद्यार्थ्यांना अर्धा अर्धा पेला पाणी द्या. एका पेल्यात, कोणाला न सांगता, धुण्याचा सोडा भरपूर विरघळवा. हे पाणी कोणी पिऊ नये. प्रत्येकाने एका मित्राशी पाणी एकत्र करून पुन्हा अर्धे अर्धे वाटून घ्यावे. प्रत्येक वेळी नवा जोडीदार घेऊन असे तीनदा करा. आता सर्व पेल्यांत हळदीचे पाणी घाला. सोडा पोचलेल्या पेल्यांतील पाणी लालसर होईल. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ! बाहेरून पाहून कोणता पेला 'लागण झालेला' हे ओळखता आले होते का? येथे हळद म्हणजे चाचणी. पाणी हे केवळ प्रतीक आहे. एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने एचआयव्ही पसरत नाही, हे आवर्जून सांगा. प्रत्यक्षात प्रत्येक संबंधातून लागण होतेच असेही नाही.

चाचणी, उपचार, बचाव

उपदंश व एचआयव्ही यांचे निदान रक्ततपासणीने होते. लागण होताच चाचणीत ती दिसत नाही. म्हणून डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी विनामूल्य होते. २०१७ च्या कायद्यानुसार तिला संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. १०९७ या क्रमांकावर विनामूल्य माहिती मिळते.

सुरुवातीच्या उपदंशाला बहुधा पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते. परम्याचे जंतू मात्र एकेका प्रतिजैविकाला दाद देईनासे झाले आहेत. म्हणून मनाने गोळ्या घेणे धोक्याचे. एचआयव्ही समूळ जात नाही, पण नियमित औषधाने माणूस दीर्घकाळ निरोगी जगू शकतो. जोडीदारावरही उपचार झाले नाहीत, तर बरा झालेला रोग पुन्हा लागू शकतो. निरोधचा योग्य वापर बहुतेक रोगांपासून बराच बचाव करतो. हिपॅटायटिस-बी आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा एचपीव्ही यांवर लसी आहेत.

मौन कोणाच्या फायद्याचे?

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले; पण ज्ञान दडवल्याने रोग दडत नाही, हा मुद्दा आजही खरा आहे.

वर्गात एक बंद पेटी ठेवा. मुलामुलींनी नाव न घालता प्रश्न टाकावेत. उत्तर ठाऊक नसेल, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना बोलवा. आपण गप्प राहिलो, तर उत्तर देईल तो पुडीवाला.