खड्याचा रंग उडाला, गोळी मात्र चालू ठेवा



मागच्या महिन्यात अश्दोदला वन्संकडे गेले होते. खिडकीत जांभळा स्फटिक, म्हणजे ॲमेथिस्टचा मोठा खडा ठेवलेला. उन्हाकडची बाजू पार फिकी पडलेली. "यानं माझं ब्लडप्रेशर ओढून घेतलं गं," वन्सं म्हणाल्या. विकणाऱ्यानं तसं सांगितलं होतं, म्हणून गोळीही त्या दिवसाआड घेत होत्या! मी लगेच मोजलं: १७८ वर ९६.

खडा काही ओढून घेत नाही. त्याचा जांभळा रंग अंशभर लोहामुळे आणि जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे येतो. कडक उन्हात वर्षानुवर्षं राहिला की तो हळूहळू विटतो, आणि इथलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. भट्टीत तापवला तर तोच खडा पिवळा होतो. बाजारातलं पुष्कळसं सिट्रीन असंच बनवलेलं असतं. उडालेला रंग घरी परत आणता येत नाही.

म्हणून खडा सावलीत ठेवा, कोमट पाण्यानं नि सौम्य साबणानं पुसा. पिरोजा तेल, अत्तर, घाम शोषून हिरवट पडतो. मोती-पोवळ्यांना लिंबू, व्हिनेगर खातं; स्वयंपाक करताना अंगठी काढलेली बरी. खडे बुडवलेलं पाणी मात्र कधीच पिऊ नका. हिरव्या मॅलेकाइटमध्ये तांबं असतं.

वन्संना दुसऱ्याच दिवशी कुपात खोलीमच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळी आता रोज चालू आहे. खडा टीव्हीशेजारी, पडद्याआड बसलाय.