स्मारकाचा शेजार

डिसेंबर २०२२ मध्ये संसदेच्या परिवहन, पर्यटन व संस्कृतीविषयक स्थायी समितीने बेपत्ता स्मारकांवर अहवाल सादर केला, तेव्हा वृत्तपत्रांचे लक्ष साहजिकच ‘बेपत्ता’ या शब्दाकडे गेले. केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील मंदिर किंवा थडगे हरवतेच कसे, यावर बरीच थट्टाही झाली. मला त्या अहवालातील दुसराच आकडा अधिक गंभीर वाटला. देशात ३,६९३ केंद्रीय संरक्षित स्मारके होती. त्यांच्या राखणीसाठी सुमारे सात हजार माणसे हवीत, असे खुद्द मंत्रालयाचे म्हणणे होते. पैशाअभावी नेमता आली २,५७८, आणि तीही केवळ २४८ ठिकाणी. उरलेल्या स्मारकांची राखण कोण करते? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडत नाही. ते स्मारकाच्या आजूबाजूला राहणाऱ्यांकडे पाहिल्यावर सापडते.

गेल्या हिवाळ्यात मी आठवडाभर भिलाईत होतो. मुक्काम कॅम्प-१ मध्ये, एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी. पोलाद कारखाना उभा राहत असताना बांधकाम मजुरांसाठी ज्या तात्पुरत्या छावण्या पडल्या, त्यांतील ही एक. छावणी गेली, वस्ती राहिली, नाव तेच राहिले. प्रशासनात ‘तात्पुरत्या’ गोष्टीला जेवढे दीर्घायुष्य लाभते तेवढे ‘कायमस्वरूपी’ला लाभत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव येथेही खरा ठरला. सोव्हिएत संघाशी भिलाईचा करार झाला फेब्रुवारी १९५५ मध्ये. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. या चार वर्षांत छत्तीसगढच्या खेड्यांतून, आंध्रातून, ओडिशातून, बिहारमधून आणि आपल्या विदर्भातूनही माणसे येथे आली. यजमानांचे वडील त्यांपैकीच. भंडारा जिल्ह्यातून डोक्यावर ट्रंक घेऊन आलेले. आज त्या घरात मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी एकाच वाक्यात नांदते.

पाहुण्याला काय दाखवायचे, याचे भिलाईत ठरलेले उत्तर आहे : मैत्रीबाग. भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ मध्ये कारखान्याने उभारलेले हे उद्यान आणि प्राणिसंग्रहालय. तेथे रविवारी पाय ठेवायला जागा नसते, आणि त्यात वावगे काही नाही. मी मात्र देवबलोद्याला जायचे म्हटले, तेव्हा यजमान किंचित चकित झाले. साठ वर्षे या गावात काढूनही ते तेथे दोनदाच गेले होते, आणि दोन्ही वेळा महाशिवरात्रीच्या जत्रेला. पॉवर हाउस स्थानकावरून रायपूरकडे जाणारी लोकल पकडली की मधे भिलाई हे एकच स्थानक. त्यानंतर देवबलोदा चरोदा. विशाल मार्शलिंग यार्ड, रेल्वेची वसाहत, आणि त्यांच्या आसऱ्याला कलचुरी काळातले, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातले महादेवाचे मंदिर. त्याच कलचुरींच्या रतनपूर येथील गादीवर पुढे १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर चालून गेले आणि छत्तीसगढ मराठ्यांच्या अमलाखाली आले. मराठी वाचकाला हे मंदिर वाटते तितके परके नाही.

मंदिराला शिखर नाही. बाहेरच्या भिंतींवर हत्तींची रांग, शिकारीचे प्रसंग, नर्तक. आत कोरीव खांबांचा मंडप, आणि तेथून काही पायऱ्या खाली उतरून गर्भगृह. बाजूला पाण्याचे कुंड. शिखर का नाही, याचे लोकांनी दिलेले उत्तर असे : शिल्पकार सहा महिन्यांच्या एका अखंड रात्रीत, देहभान विसरून, विवस्त्र अवस्थेत काम करीत असे. रोज जेवण घेऊन पत्नी येई. एके दिवशी तिच्याऐवजी बहीण आली. लाजेने त्याने कुंडात उडी घेतली, आणि भावाला बुडताना पाहून बहिणीने जवळच्या तळ्यात. काम तेथेच थांबले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी या कथेला पुरावा मानणार नाही. पण मंदिराच्या आवारात ती मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितली. त्यांतला एक तर दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता, आणि आपण पाहुण्याला काही तरी मोलाचे देत आहोत अशा थाटात तो सांगत होता. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकावर स्मारकाचे नुकसान करणाऱ्याला होणाऱ्या शिक्षेचा मजकूर असतो; ही कथा नसते. माझ्या मते मंदिर आजवर टिकले त्यात फलकापेक्षा कथेचा वाटा मोठा आहे.

आता कायद्याकडे वळू. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीचा मूळ कायदा १९५८ चा. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर निषिद्ध क्षेत्र आणि त्यापलीकडचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. २०१० च्या दुरुस्तीने हे बंधन थेट कायद्यात आले, शिक्षा दोन वर्षे कैद किंवा एक लाख रुपये दंड इथपर्यंत वाढली आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. निषिद्ध क्षेत्रात नवे बांधकाम नाही. १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती करायची तरी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी घ्यायची. हेतूविषयी वाद असू शकत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये प्रत्यक्ष पाहणी केलेल्या १,६५५ स्मारकांपैकी ९२ सापडली नव्हती. पुढे पुरातत्त्व खात्याने त्यांतील बरीच शोधून काढली; पण १४ शहरीकरणाने गिळलेली, १२ जलाशयांत बुडालेली आणि २४ मागमूसही न लागलेली, असा हिशेब उरला. चौदा स्मारकांवर माणसांनी घरे, रस्ते, दुकाने बांधली. तेव्हा शंभर मीटरची रेघ ओढणाऱ्यांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

पण ही रेघ ताजमहालाभोवती आणि देवबलोद्याभोवती एकच आहे, हीच अडचण आहे. २०१० च्या दुरुस्तीतच यावर उपाय होता : प्रत्येक स्मारकासाठी त्याचे स्वरूप, परिसर आणि वस्ती पाहून स्वतंत्र वारसा उपविधी करायचे. उंची किती, रंग कोणता, गटार कोठून, जत्रेची दुकाने कोठे, हे सारे त्यांत येऊ शकते. इतक्या वर्षांनंतरही बहुसंख्य स्मारकांचे असे उपविधी अस्तित्वात नाहीत. ज्या शेजाऱ्याला मुलाच्या लग्नानंतर एक खोली वाढवायची आहे, त्याच्या दृष्टीने स्मारक म्हणजे शंभर मीटरचा नकार. असा शेजारी रात्री मूर्ती चोरायला आलेल्यांना पाहून ओरडेल, ही अपेक्षा आपण कशाच्या बळावर ठेवतो? जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने निषिद्ध क्षेत्रात सार्वजनिक कामांना मुभा देणारे विधेयक मंजूर केले. ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि अडकले. अडकले ते बरेच झाले, असे मी म्हणेन. सरकारच्या उड्डाणपुलाला वाट आणि शेजाऱ्याच्या न्हाणीघराला मात्र तीच बंदी, असा त्याचा अर्थ झाला असता.

शेजाऱ्याची राखण म्हणजे केवळ भाबडा आशावाद, असे कोणी म्हणेल. छत्तीसगढनेच त्याचे उत्तर दिले आहे. दंतेवाडा जिल्ह्यातील फरसपाल गावाजवळ, बैलाडिलाच्या रांगेतील ढोलकल या सुळक्याच्या माथ्यावर साधारण हजार वर्षांपूर्वीची गणेशमूर्ती उघड्यावर बसली आहे. भोवती भिंत नाही, तिकीटघर नाही. छायाचित्रे पसरू लागल्यावर तिची ख्याती देशभर झाली आणि जंगलातून चढून जाणाऱ्यांची रीघ लागली. जानेवारी २०१७ मध्ये कोणी तरी ती मूर्ती दरीत ढकलून दिली. तुकडे झाडीत विखुरले. ते शोधायला सुरक्षा दलाचे जवान उतरले तसे गावकरीही उतरले. तुकडे जुळवून मूर्ती पुन्हा त्याच माथ्यावर बसवली गेली. हे कोणत्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले नव्हते. त्या गावच्या माणसांना ती मूर्ती आपली वाटत होती, एवढेच. बिलासपूरजवळच्या मल्हारची डिडिनेश्वरी १९९१ मध्ये चोरीला गेली आणि उत्तर प्रदेशात मैनपुरीला सापडून परत आली, तेव्हाही तिची वाट पाहणारे गाव होते.

याउलट, आपला पर्यटनावरचा खर्च कोठे जातो पाहा. स्वदेश दर्शन योजनेखाली २०१५-१६ मध्ये छत्तीसगढच्या आदिवासी परिक्रमेसाठी शंभर कोटींच्या जवळपास रक्कम मंजूर झाली. जशपूरपासून चित्रकोट, तीरथगढपर्यंत तेरा ठिकाणे. लाकडी झोपड्या, माहिती केंद्रे, कमानी, वाहनतळ. माझा झोपड्यांना विरोध नाही. प्रवाशाला रात्री कोठे तरी झोपावे लागतेच. पण ज्या दिवशी बांधकाम पूर्ण होते त्या दिवशी निधी संपतो, आणि त्यानंतर झाडू मारणाऱ्याचा, कचरा उचलणाऱ्याचा, रात्री फेरी मारणाऱ्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचा हे कोणालाच ठाऊक नसते. भांडवली खर्चाची फीत कापता येते, देखभालीची कापता येत नाही. मी स्वतः अशा फिती कापण्याच्या कार्यक्रमांत मागच्या रांगेत कितीदा तरी उभा राहिलो आहे.

सिरपूरचे उदाहरण या दृष्टीने फार शिकवणारे आहे. महानदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलची राजधानी. येथील विटांचे लक्ष्मण मंदिर राणी वासटा हिने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ उभारले. तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन. सातव्या शतकातील विटांची इतकी देखणी कलाकुसर देशात फारशी उरलेली नाही. १९५० च्या दशकात येथे पहिले मोठे उत्खनन केले ते मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने. त्यातून भिक्षू आनंदप्रभाचा विहार उजेडात आला. २००० नंतर अरुणकुमार शर्मा यांच्या उत्खननाने सुरंग टीला, तीवरदेव विहार आणि बाजारपेठेचे अवशेष समोर आले. परिणाम असा की आता गावाच्या घरांखाली, शेतांखाली प्राचीन नगर आहे हे सर्वांना ठाऊक झाले आहे. जागतिक वारशाच्या दर्जाची चर्चा होते. तो मिळाला तर आनंदच आहे. पण त्या दिवशी सिरपूरच्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीत विहीर खणण्याविषयी काय सांगितले जाईल, हे आजच ठरवावे लागेल.

महाराष्ट्राला हा प्रश्न दूरचा नाही. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. अकरा आपल्याकडचे, एक तमिळनाडूतील जिंजी. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा केंद्राकडे. राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. पन्हाळ्यावर तर किल्ल्याच्या पोटातच नगर वसलेले आहे. दर्जा जाहीर होण्याआधीच तेथील रहिवाशांत निर्बंधांची धास्ती पसरली होती, यात आश्चर्य काय? वेरूळ-अजिंठ्याने एक गोष्ट मात्र नीट करून दाखवली आहे. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावरच थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते. सुरुवातीला प्रवासी कुरकुरले. आज लेण्यांच्या पायथ्याशी धूर नाही, भोंगे नाहीत, आणि चित्रे पाहून परतणाऱ्या माणसाला वाघूरचे पाणी ऐकू येते. आनंद आणि जतन यांत भांडण असते असे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. अजिंठ्याच्या त्या चार किलोमीटरांत मला ते भांडण कधी दिसले नाही.

कॅम्प-१ कडे परत येतो, कारण येथे एक वेगळा प्रश्न मनात येतो. देवबलोदा राष्ट्रीय महत्त्वाचे आहे हे कायद्याने ठरवले. पण ज्या छावण्यांतून स्वतंत्र भारताचे पोलाद घडले, त्या कोणत्या यादीत आहेत? देवबलोद्याची लोकल जेथून सुटते त्याच पॉवर हाउस स्थानकावर, शंकर गुहा नियोगी यांच्या हत्येनंतर नऊ महिन्यांनी, १ जुलै १९९२ रोजी रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि डझनाहून अधिक माणसे मेली. कामगार संघटना दर वर्षी त्या दिवशी तेथे जमतात. पर्यटन नकाशावर हे स्थळ नाही. ते असावे की नाही याविषयी माझेही मन पूर्ण ठरलेले नाही, कारण काही जागा पाहुण्यांसाठी सजवल्या की त्यांच्यातील दुःख निघून जाते. पण यजमानांच्या नातीला शाळेत ताजमहालाची मोजमापे पाठ आहेत आणि तिच्या घराजवळच्या स्थानकाचा इतिहास मात्र तिला कोणी शिकवलेला नाही, ही गोष्ट मला खटकली.

निवृत्तीनंतर सल्ले देणे स्वस्त असते, तरी एक देतो. देवबलोद्यासारख्या लहान स्मारकाला दोन पगारी राखणदार द्यावेत, आणि ते त्याच गावचे असावेत. चौदा वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते ते उपविधी गावाच्या सभेत बसून, छत्तीसगढीत वाचून दाखवून करावेत. आणि भिलाई-दुर्गच्या प्रत्येक शाळेने वर्षातून एक दिवस लोकलचे तिकीट काढून मुलांना तेथे न्यावे. मार्गदर्शक नेमण्याची गरज पडणार नाही. कुंडाच्या काठी तो दहा-अकरा वर्षांचा मुलगा, किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणी, शिल्पकाराची गोष्ट सांगायला तयारच असतो.