व्हेनिसचा चषक आणि कानचा जन्म

पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरविला गेला, ही गोष्ट आपण मराठी माणसे अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या दरबारात हा मान मिळाला तो दरबार कसा होता, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

व्हेनिसचा महोत्सव १९३२ साली सुरू झाला. त्या वर्षी परीक्षक मंडळच नव्हते. प्रेक्षकांनीच मते देऊन आपला कौल दिला. पुढे मुसोलिनीच्या नावाचा चषक आला आणि चषकामागोमाग सत्तेची मर्जीही आली. 'तुकारामा'च्याच वर्षी झां रन्वार यांचा युद्धविरोधी फ्रेंच चित्रपट 'ला ग्रांद इल्युझिआँ' तेथे होता. मुख्य चषक त्याच्यापासून दूर ठेवून दुय्यम पारितोषिकावर त्याची बोळवण करण्यात आली. १९३८ साली तर लाजही उरली नाही. सर्वोत्तम परदेशी चित्रपटाचा चषक बर्लिन ऑलिंपिकवरील जर्मन चित्रपटाला गेला. इटालियन चित्रपटाचा चषक ज्या कृतीला मिळाला तिच्या निर्मितीवर खुद्द मुसोलिनीच्या मुलाची देखरेख होती!

निवड समित्यांचे कामकाज मी नोकरीत जवळून पाहिले आहे. निर्णय आधी ठरतो आणि कारणे मागाहून लिहिली जातात, तेव्हा समितीतील शहाण्या माणसांचाही इलाज चालत नाही. 'तुकारामा'च्या बाबतीत एक समाधान मात्र वाटते. देहूच्या त्या वाण्याकडून रोमला काहीच साधायचे नव्हते. त्यामुळे त्याचे कौतुक बहुधा निर्भेळ असावे.

१९३८च्या संतापातून फ्रान्सने कान येथे स्वतंत्र महोत्सव योजला. उद्घाटनाचा दिवस ठरला १ सप्टेंबर १९३९. नेमक्या त्याच दिवशी हिटलरचे सैन्य पोलंडमध्ये शिरले. महोत्सव भरला तो १९४६ साली. त्या वेळी सर्वोच्च पारितोषिक ११ चित्रपटांना वाटून दिले गेले, त्यांत चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' होता. या वाटणीत निवाड्यापेक्षा सलोखाच अधिक होता, असे मला वाटते. युद्धाने होरपळलेल्या युरोपात ते समजण्यासारखे आहे. 'पाम दोर', म्हणजे ताडाचे सोनेरी पान, तेथे १९५५ साली आले.

व्हेनिसनेही युद्धानंतर मुसोलिनीचे नाव टाकून नगराचे चिन्ह असलेला सिंह स्वीकारला. १९५७ साली तो सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'ला मिळाला.

आता वर्तमानपत्रे वाचताना होणाऱ्या एका घोटाळ्याविषयी. एकाच महोत्सवात अनेक विभाग असतात आणि बहुधा प्रत्येकाचे परीक्षक निराळे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने २०१४ साली व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळविले ते 'ओरिझोंती' या नव्या वाटा शोधणाऱ्या विभागात. शिवाय पदार्पणाचा मानही त्यालाच मिळाला. सुवर्णसिंहाच्या मुख्य स्पर्धेत ते उतरले २०२० साली, 'द डिसायपल' घेऊन. सिंह मिळाला नाही. उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मात्र त्यांनी आणले, आणि तो चित्रपटही मराठीच होता.